शेरीफने नाकारलेला परवाना : माँटगोमेरी, १९५६

३० जानेवारी १९५६, सोमवार. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर. गांधीजींच्या खुनाला त्या दिवशी बरोबर आठ वर्षं झाली होती. साउथ जॅक्सन स्ट्रीटवरच्या ३०९ क्रमांकाच्या लाकडी घरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा चर्चमधल्या एका ओळखीच्या बाईंशी गप्पा मारत बसल्या होत्या. अडीच महिन्यांची मुलगी योलांडा आतल्या खोलीत झोपली होती. रात्री सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास पुढच्या ओसरीवर वीट पडावी तसा धप्पकन आवाज झाला. कोरेटा बाहेर डोकवायला गेल्या नाहीत. त्या बाईंना घेऊन तडक मागच्या खोलीकडे निघाल्या, आणि तेवढ्यात स्फोट झाला. ओसरीचा खांब तडकला, खिडक्यांच्या काचा दिवाणखान्यात पसरल्या. ओसरीच्या काँक्रीटला पडलेला खळगा आजही पाहायला मिळतो, त्या घराचं आता संग्रहालय झालं आहे.

मार्टिन ल्यूथर किंग त्या वेळी दुसऱ्या चर्चमध्ये बस बहिष्काराच्या सभेत होते. बसमधल्या भेदभावाविरुद्ध शहरातल्या काळ्या नागरिकांनी बसने जाणंच सोडलं होतं, आणि किंग या चळवळीचे पुढारी होते. वय सत्तावीस. निरोप मिळाला तेव्हा त्यांनी सभेला शांतपणे सांगितलं की माझ्या घरावर बॉम्ब पडला आहे, मी निघतो, तुम्हीही सरळ आपापल्या घरी जा. पण लोक घरी गेले नाहीत, त्यांच्या घरासमोर जमले. ते पोचले तेव्हा अंगणात आणि रस्त्यावर शेकडो कृष्णवर्णीय माणसं उभी होती. कोणाच्या हातात बाटल्या, कोणाकडे चाकू, कित्येकांच्या खिशात पिस्तूल. पोलीस गर्दी हटवत होते. गर्दीतल्या एकाने पोलिसाला सुनावलं की तुम्ही गोरे आम्हाला नेहमी ढकलत आलात, आता तुझ्याकडे तुझं पॉइंट अडतीस पिस्तूल आहे आणि माझ्याकडे माझं, होऊन जाऊ दे. ते किंग यांच्या कानावर पडलं.

घरात महापौर गेल आणि पोलीस आयुक्त सेलर्स येऊन उभे होते. दोघांनी खेद व्यक्त केला, गुन्हेगार शोधू म्हणाले. पण दोघेही त्याच जानेवारीत व्हाइट सिटिझन्स कौन्सिलचे सदस्य झाले होते. वर्णभेद टिकवण्यासाठीच काढलेली ती संघटना. बहिष्कारवाल्यांशी कडक वागायचं, हे शहराचं धोरण त्यांनी उघडपणे जाहीर केलं होतं. बॉम्बच्या चारच दिवस आधी किंग यांना पंचवीस मैलांच्या हद्दीत तीस मैलांच्या वेगाने गाडी चालवली म्हणून अटक झाली होती.

किंग मोडक्या ओसरीवर आले. हात वर करून लोकांना शांत केलं. बायको-मुलगी सुखरूप आहेत, हे आधी सांगितलं. मग म्हणाले की शस्त्रं असतील तर ती घरी घेऊन जा, नसतील तर मिळवायला जाऊ नका, सूड घेऊन हा प्रश्न सुटणार नाही. मला थांबवलं तरी ही चळवळ थांबणार नाही, असंही म्हणाले. लोक पांगले.

ही गोष्ट इथवर पुष्कळांना ठाऊक असते. कार्यकर्त्यांच्या शिबिरात मी हे प्रकरण मांडतो तेव्हा इथवर सगळे माना डोलावतात. त्यानंतर मी सांगतो की या भाषणानंतरच्या दोन-तीन दिवसांतच किंग शेरीफच्या, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या पोलीस प्रमुखाच्या, कार्यालयात गेले आणि त्यांनी बंदूक बाळगण्याचा परवाना मागितला. मग खोली गप्प होते. माझ्या मते अभ्यासाचं खरं प्रकरण इथून सुरू होतं, आणि ते आजवर दोन्ही बाजूंनी अर्धंमुर्धंच सांगितलं गेलं आहे.

परवाना

१९५८ साली लिहिलेल्या आठवणींत किंग म्हणतात की गाडीत बंदूक ठेवायचा परवाना मागितला होता आणि तो नाकारला गेला. बॉम्बच्या आठवड्यातच सहकाऱ्यांसमोर बोलताना मात्र त्यांनी सांगितलं होतं की घराच्या पहाऱ्यावर असलेल्या माणसांसाठी परवाना मागायला गेलो होतो, मिळाला नाही, म्हणजे तुम्ही गुंडांच्या हवाली आहात असंच शेरीफला म्हणायचं होतं. दोन्ही तपशिलांत विरोध आहे असं मला वाटत नाही. घरात तान्ही मुलगी आहे, फोनवर रोज धमक्या येतात, ओसरीला भोक पडलं आहे. अशा वेळी माणूस स्वतःसाठीही मागतो आणि पहारेकऱ्यासाठीही मागतो.

अलाबामाचा तेव्हाचा कायदा पाहायला हवा. लपवून किंवा गाडीत पिस्तूल बाळगायचं तर शेरीफचा परवाना लागे. अर्जदाराला जिवाची वा मालमत्तेची भीती असल्याचं सबळ कारण हवं, आणि तो परवाना देण्याजोगा ‘योग्य’ माणूस हवा. पहिली अट किंग यांच्याइतकी पुरी करणारा माणूस त्या आठवड्यात संपूर्ण राज्यात दुसरा कोणी असेल का? पुरावा पेपरात छापून आला होता. सगळं अडलं ते दुसऱ्या शब्दावर. योग्य कोण, हे शेरीफ ठरवणार. शेरीफ गोऱ्या मतदारांनी निवडलेला, कारण काळ्यांना मतदार यादीत नाव घालण्यापासूनच अडवलं जात होतं. कायद्याच्या मजकुरात वंशाचा उल्लेख नव्हता, आणि तशी गरजही नव्हती.

ही जुनी रीत होती. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ साली मिसिसिपीने केलेल्या कायद्यात मुक्त झालेल्या काळ्या माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला सरळ बंदीच होती. पुढे घटनेतल्या दुरुस्त्यांमुळे असं उघड लिहिणं अवघड झालं, तेव्हा लेखणी अधिकाऱ्याच्या मर्जीकडे गेली. बंदूक नियंत्रणाचा मी समर्थक आहे, आणि तरीही म्हणतो की माँटगोमेरीतला हा नकार अन्याय होता. त्यात सारवासारव करण्यासारखं काही नाही. ज्या यंत्रणेने घराचं रक्षण करायचं तिनं ते केलं नाही, आणि स्वतः करू द्यायलाही नकार दिला.

पण हा नकार आणि पुढे किंग यांनी बंदूक सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथेच घोटाळा होतो. बंदूक हक्काचे पुरस्कर्ते पहिली गोष्ट सांगतात आणि थांबतात. अहिंसेची बाजू मांडणारे दुसरी सांगतात आणि पहिली गाळतात.

खुर्चीतलं पिस्तूल

परवाना नसला तरी घरात बंदुका होत्याच. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात बेयार्ड रस्टिन न्यूयॉर्कहून आले. ते युद्धविरोधी चळवळीतले जुने कार्यकर्ते, तुरुंग भोगलेले, भारतात येऊन गांधीजींच्या सहकाऱ्यांना भेटून गेलेले. त्यांच्याबरोबर विल्यम वर्दी नावाचे पत्रकार होते. किंग यांच्या दिवाणखान्यात वर्दी एका खुर्चीत बसायला वाकले, तर रस्टिन ओरडले की थांब, त्या खुर्चीत बंदूक आहे! आठवडाभराने ग्लेन स्मायली आले, टेक्सासचे गोरे मेथडिस्ट पाद्री. त्यांनी आपल्या संस्थेला पत्र लिहून कळवलं की हे घर म्हणजे शस्त्रागार आहे, किंग यांना यातली विसंगती दिसते पण पुरेशी दिसत नाही, त्यांचा विश्वास आहे आणि तरीही नाही.

‘विश्वास आहे आणि तरीही नाही’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. आपण थोर माणसांना जन्मतः पूर्ण घडलेली मानतो. किंग यांनी गांधीजींबद्दल वाचलं होतं, व्याख्यानं ऐकली होती. डिसेंबरातच शहरातल्या एका गोऱ्या ग्रंथपाल बाईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहून या बहिष्काराची तुलना मिठाच्या सत्याग्रहाशी केली होती. पण वाचलेलं अंगी उतरायला वेळ लागतो, आणि तो वेळ या माणसाने बॉम्ब पडलेल्या घरात काढला. आठवणींत ते लिहितात की त्या रात्री सगळे गेल्यावर अंथरुणात पडल्या-पडल्या, बायको-मुलगी मेल्या असत्या हा विचार मनात आला आणि संताप उफाळून आला. मग त्यांनी स्वतःलाच बजावलं की कडवट होऊ नकोस. कोरेटांचे वडील त्यांना माहेरी न्यायला त्याच रात्री आले होते. त्या गेल्या नाहीत.

रस्टिन यांनी धर्माचा उपदेश केला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांचा मुद्दा नेतृत्वाचा होता. पुढाऱ्याच्या घरावर हल्ला झाला आणि त्याने उलट गोळी झाडली, तर अनुयायांनाही बंदूक उचलायला मोकळीक मिळते. त्याच्याजवळ शस्त्र नाही हे लोकांना ठाऊक असेल, तर लोक त्या उंचीला येतात. हे त्यांनी किंग यांना रात्र-रात्र जागून सांगितलं.

किंग यांच्या आठवणी वाचताना असं वाटतं की बंदूक सोडायचा निर्णय बॉम्बनंतर काही दिवसांतच झाला. रस्टिन आणि स्मायली यांनी पाहिलेलं चित्र सांगतं की तो इतक्या झटपट झाला नव्हता. कसाही झाला असो, किंग यांनी दिलेलं कारण स्पष्ट आहे. अहिंसक चळवळीचा एक पुढारी म्हणून उभं राहायचं आणि स्वतःच्या रक्षणासाठी मात्र हिंसेचं साधन बाळगायचं, हे कसं जमायचं? कोरेटा आणि ते कित्येक दिवस बोलत राहिले, आणि शेवटी त्यांच्या स्वतःच्या मालकीची जी एक बंदूक होती ती काढून टाकली. मित्रांच्या समाधानासाठी घराभोवती मोठे दिवे लावले, चोवीस तासांचे निःशस्त्र पहारेकरी ठेवले, एकट्याने शहरात फिरणार नाही असा शब्द दिला. मग त्यांनी एक वाक्य लिहून ठेवलं आहे. त्याचा आशय असा की घरात बंदूक होती तेव्हा मला जास्त भीती वाटायची, ती ठेवायची नाही असं ठरवलं तेव्हा मृत्यूच्या प्रश्नाला समोरासमोर तोंड द्यावं लागलं, आणि मी ते दिलं.

हे सगळ्यांनी केलं असं नाही. त्यांचे मित्र, चर्चमधली माणसं आपापल्या घरी बंदुका ठेवतच राहिली. दक्षिणेतल्या ग्रामीण काळ्या कुटुंबांत दाराआड शॉटगन असणं ही नित्याची गोष्ट होती. चळवळ अहिंसक होती म्हणजे समाज निःशस्त्र होता, असं कोणी समजू नये. समाज सशस्त्र होता, चळवळीने शस्त्र बाजूला ठेवायचं ठरवलं होतं. निःशस्त्र माणसाने शस्त्र न उचलणं आणि शस्त्र हाताशी असताना ते खाली ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बंदूक असती तर?

शिबिरात हा प्रश्न हमखास येतो. मी तीन प्रसंग पुढे ठेवतो.

पहिला, बॉम्बची रात्र. चालत्या गाडीतून ओसरीवर डायनामाइट फेकलेलं. दारात पिस्तूल घेऊन कोणी उभं असतं तर स्फोटात तोच आधी गेला असता. कोरेटा वाचल्या त्या आवाजाकडे न जाता मागे गेल्या म्हणून.

दुसरा, त्याच रात्री अंगणातला. तिथे बंदुका होत्या आणि संतापाचं कारण रास्त होतं. एक गोळी सुटली असती तर काय झालं असतं, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पोलिसांना हवं ते कारण मिळालं असतं, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बॉम्बची बातमी उरली नसती, आणि दोन महिने पायी चालणाऱ्या पन्नास हजार माणसांची शिस्त एका रात्रीत दंगल म्हणून नोंदली गेली असती.

तिसरा प्रसंग मला सगळ्यात बोलका वाटतो. २१ फेब्रुवारीला ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, १९२१ सालचा बहिष्कारविरोधी कायदा उकरून काढून किंग यांच्यासह ऐंशीहून जास्त लोकांवर आरोप ठेवले. शहराच्या हातातलं खरं शस्त्र बॉम्ब नव्हतं, अटक हे होतं. दक्षिणेत काळ्या माणसाला शेरीफच्या माणसांनी नेणं म्हणजे काय, हे घरोघर ठाऊक होतं. आणि दुसऱ्या दिवशी काय झालं? लोक ठेवणीतले कपडे घालून आपणहून कोर्टात हजर झाले. बाहेर गर्दी जमली, टाळ्या पडल्या. यादीत आपलं नाव आहे का, अशी विचारणा करत काही जण आले. ज्या भीतीवर सगळी व्यवस्था उभी होती ती भीतीच त्या सकाळी कामी आली नाही. बंदुकीने हे साधलं नसतं, कारण बंदूकवाल्याला अटक करायला कोणत्याही सरकारला आवडतं.

अर्थात नुसत्या धैर्याने ३८१ दिवस निघत नाहीत. सुमारे तीनशे खासगी गाड्यांची ने-आण, कोणी कोणत्या कोपऱ्यावर उभं राहायचं याची ठरलेली ठिकाणं, चर्चमधून जमणारा पैसा, आठवड्याच्या सभा. शिवाय कोर्ट. बॉम्बनंतर दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारीला, फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात दावा लावला. त्याच रात्री बहिष्काराचे एक पुढारी ई. डी. निक्सन यांच्या घरावर दुसरा बॉम्ब पडला. सुरुवातीला चळवळीच्या मागण्या अगदी माफक होत्या. सौजन्याची वागणूक द्या, जो आधी येईल तो बसेल असं ठरवा, काळ्यांच्या मार्गांवर काळे चालक नेमा. वेगवेगळ्या बाकांची पद्धतच मोडा, असं म्हटलेलं नव्हतं. दाव्यात ते म्हटलं गेलं. ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ हे त्या खटल्याचं नाव, आणि त्यातले गेल म्हणजे बॉम्बच्या रात्री किंग यांच्या दिवाणखान्यात खेद व्यक्त करणारे तेच महापौर. ही पद्धत घटनाबाह्य ठरवणारा खालच्या कोर्टाचा निकाल १३ नोव्हेंबर १९५६ ला सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. २१ डिसेंबरला पहाटेच्या बसमध्ये किंग पुढच्या बाकावर बसले. शेजारी होते ग्लेन स्मायली.

हा परवाना आज

अमेरिकेत हा नाकारलेला परवाना आजही कोर्टाच्या आणि प्रचाराच्या वादात येतो. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा परवान्याचा कायदा रद्द केला. ‘खास कारण’ दाखवा, मग अधिकारी आपल्या मर्जीने ठरवील, ही पद्धत घटनाबाह्य ठरली. अशी मर्जी काळ्यांविरुद्ध वापरली गेली आहे, हा बंदूक हक्कवाल्यांचा युक्तिवाद खरा आहे आणि किंग यांचा अर्ज त्याचं ठसठशीत उदाहरण आहे. अलाबामात तर १ जानेवारी २०२३ पासून पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही.

माझी हरकत पुढच्या उडीला आहे. मर्जी वाईट, म्हणून नियमच नको? दोष अधिकाऱ्याच्या बेबंद मर्जीत असेल तर मर्जीला लगाम घालायला हवा. आपल्याकडचा १९५९ चा शस्त्र कायदा यात काही बाबतीत बरा आहे. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त परवाना नाकारू शकतात, पण नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. लेखी कारण ही कागदावर किरकोळ दिसणारी गोष्ट आहे. माँटगोमेरीच्या शेरीफला ‘हा माणूस योग्य का नाही’ हे सहीनिशी लिहावं लागलं असतं, तर त्याने काय लिहिलं असतं?

आपल्या इतिहासातही हा वाद आहे आणि तो आपण फारसा आठवत नाही. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली, युरोपियनांना सूट होती. एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहासात सर्वांत काळा ठरेल, असं गांधीजींनी १९१८ साली लिहिलं. अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या फलकांवर हे वाक्य नेहमी दिसतं. ते पत्रक खेड्यातल्या तरुणांना ब्रिटिश फौजेत भरती व्हा असं सांगण्यासाठी होतं, हे फलकावर लिहिलेलं नसतं. पण वाक्य खोटं नाही. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाआधी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मुद्द्यांतही स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने द्या, त्यावर लोकांचं नियंत्रण ठेवा, ही मागणी होतीच. अहिंसेच्या सेनापतीला परकीय सरकारने लादलेली निःशस्त्रता अपमानास्पद वाटत होती, आणि किंग यांच्या घरातली ती खुर्ची समजून घ्यायला मला याची मदत होते. लादलेलं निःशस्त्रीकरण आणि स्वीकारलेली अहिंसा यांची गाठ कधीही बांधू नये.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला, अशी दुरुस्ती सुचवली. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात तो हक्क होता. बाबासाहेबांनी विरोध केला. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवी ती शस्त्रं बिनअटकाव विकत घ्यायचा हक्क असेल तर राज्यकारभार कसा चालवायचा, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. गावकुसाबाहेरच्या माणसावर रात्री चालून येणारे हात कोणाचे असतात, हे सभागृहात बाबासाहेबांइतकं कोणाला ठाऊक होतं? तरीही त्यांनी बंदुकीचा सरसकट हक्क मागितला नाही. सरसकट हक्क आधी कोणाच्या हाती पडतो, हेही ते जाणून असावेत, असं मला वाटतं.

आणि १९९५ चे अत्याचार प्रतिबंध नियम उघडून पाहा. नियम ३ म्हणतो की जिथे अत्याचाराची शक्यता आहे असा भाग राज्य सरकारने ओळखावा. गरज वाटल्यास तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावीत, आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने द्यावेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. माँटगोमेरीच्या नेमकं उलट चित्र आहे. भीती ज्याला आहे त्याच्याकडे परवाना, आणि भीती ज्याची आहे त्याचा परवाना रद्द. बंदूक नियंत्रण कोणाच्या बाजूने उभं आहे, हे पाहायची दृष्टी या नियमात आहे. अडचण तीच जुनी, ‘गरज वाटल्यास’ ही. गरज वाटायची कोणाला?

ज्यांनी बंदूक सोडली नाही

किंग यांच्या मार्गाशी सगळे सहमत नव्हते. नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रो गावात रॉबर्ट विल्यम्स या माजी सैनिकाने १९५७ साली बंदुका घेऊन कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी टोळीला परतवलं. १९५९ साली त्यांच्याशी झालेल्या वादात किंग यांनी लिहिलेलं उत्तर अहिंसावाद्यांनी जरूर वाचावं. घरावर हल्ला झाला तर प्रतिकार करणं यात ते दोष मानत नाहीत, गांधीजींनीही तो मानला नाही असं म्हणतात. संघटनेचं धोरण म्हणून, पुढे सरकण्याचं साधन म्हणून हिंसा वापरणं त्यांना नामंजूर होतं. लुइझियानात १९६४ पासून ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ या काळ्यांच्या स्वसंरक्षण गटाची माणसं सशस्त्र पहारा देत होती, आणि १९६६ च्या मिसिसिपीतल्या मोर्चात किंग चालत होते तेव्हाही ती आसपास होती. ही माणसं नसती तर किती कार्यकर्ते दगावले असते, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा, आणि माझ्याकडे त्यांच्याबद्दल आदराशिवाय दुसरं काही नाही.

पण बंदूक उघड दाखवण्याचं राजकारण निराळं ठरलं. कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर या काळ्यांच्या जहाल पक्षाची माणसं भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवू लागली, २ मे १९६७ ला बंदुकांसह सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरली. तेव्हा ते कायदेशीर होतं. जुलै संपायच्या आत गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सार्वजनिक जागी भरलेली बंदूक बाळगायला बंदी करणाऱ्या कायद्यावर सही केली. आज बंदूक हक्कासाठी लढणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशन या संघटनेनेच त्याला पाठिंबा दिला. आपल्याकडे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच पक्षाच्या नावावरून. मराठीतल्या पँथरने नाव घेतलं, त्वेष घेतला, आणि त्यांची ओळख झाली ती कविता, मोर्चा आणि सभा यांनी.

किंग १९५९ साली भारतात आले, मुंबईत मणिभवनात गांधीजींच्या खोलीजवळ राहिले. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये रायफलच्या एका गोळीने त्यांचा जीव घेतला. त्यांच्या आणि रॉबर्ट केनेडींच्या खुनानंतर, त्याच वर्षी ऑक्टोबरात, टपालाने बंदुका मागवण्याला आळा घालणारा राष्ट्रीय कायदा झाला. १९७४ साली त्यांच्या आई अल्बर्टा अटलांटातल्या आपल्याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असताना गोळीला बळी पडल्या.

माँटगोमेरीत बसचा निकाल लागल्यानंतरही बॉम्ब थांबले नव्हते. जानेवारी १९५७ मध्ये एका रात्रीत चार चर्च आणि दोन पाद्रींची घरं उडवली गेली. ज्यांनी कबुली दिली त्यांनाही गोऱ्यांच्या ज्युरीने सोडलं. २७ जानेवारीला पहाटे किंग यांच्या त्याच ओसरीवर डायनामाइटच्या बारा कांड्या सापडल्या. वात धुमसत होती, पण बॉम्ब फुटला नव्हता. तो निकामी करण्यात आला. पुन्हा लोक जमले, पुन्हा संतापलेले. आता घरात बंदूक नव्हती. किंग पुन्हा त्याच ओसरीवर आले आणि बोलले. रविवार उजाडत होता. घरी जा आणि चर्चला जायची तयारी करा, असं त्यांनी सांगितलं, आणि लोक हळूहळू आपापल्या घराकडे निघाले.